बोटीचं स्टिअरिंग आणि भोसरीचे फिटर

पिंपरी-चिंचवडच्या माणसाच्या हातात कुठलीही वस्तू द्या, तो ती आधी उलटी करून बघतो. भिंतीवरचं घड्याळ असो, रुखवतातलं पितळी तबक असो किंवा शेजाऱ्यांच्या पोराची तीनचाकी सायकल. उलटी केली की अंगठ्यानं कड चाचपायची, "बर आहे थोडा" (म्हणजे कडेला धातूची कुस राहिलीय) असं म्हणायचं आणि मग "कितीला पडली?" हे विचारायचं. वस्तू सुंदर आहे का, हा प्रश्न त्याला सगळ्यात शेवटी पडतो, तोही बायकोनं विचारला तर. त्याला दोष देऊ नये. 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मागोमाग ट्रक आले, स्कूटरी आल्या, 2009 च्या सुमारास चाकणला जर्मन मोटारी आल्या. तीन पिढ्या इथल्या लोकांनी जग खालच्या बाजूनंच पाहिलेलं आहे.

या पट्ट्यात चाकावर चालणारं जवळजवळ सगळं बनतं. नट बनतो, तो नट आवळायची मशीन बनते, मशीनचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर हिंजवडीत बनतं आणि ते अडकलं की त्याला शिव्या घालणारा सुपरवायझरही इथंच घडतो. तरंगणारी वस्तू मात्र सहसा कुणाच्या बाकावर येत नाही. म्हणून माझ्या डोक्यात बरेच दिवस एक प्रयोग आहे. भोसरीच्या जे ब्लॉकमधल्या एखाद्या शेडमध्ये, लेथ आणि ड्रिलिंग मशीनच्या मधल्या मोकळ्या जागेत, दोन लाकडी घोड्यांवर एक लहानशी आऊटबोर्ड रेसिंग बोट आणून ठेवायची आणि सांगायचं, "हिला केबलचं स्टिअरिंग बसवा." बस. पुढे काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. शेड मला माहीत आहे, माणसं माहीत आहेत, वायरही माहीत आहे. बोट तेवढी कल्पनेतली धरा.

पहिली गोष्ट, ते बोट उलटी करतील. या बोटींच्या नशिबात उलटणं असतंच. पण पाणी बघायच्या आधी उलटण्याचा मान भोसरीतच मिळू शकतो. तळ जवळजवळ सपाट, प्लायवूडचा, लांबी साडेतीन-चार मीटर. चालवणारा आत बसत नाही, गुडघे टेकून असतो. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या मुठीत थ्रॉटल, मूठ सोडली की इंजिन मंदावतं. हे ऐकल्यावर शेडमधला हेल्पर मालकाला विचारील, "शेठ, गुडघ्यावर का? नवस हाय का काय?" शेठकडे उत्तर नसेल. खरं उत्तर असं, की असल्या हलक्या बोटीत माणसाचं वजन हाही एक सुटा भागच. वेग वाढला, लाट आली, वळण आलं की माणसानं पुढं-मागं सरकून तोल साधायचा. खुर्चीत बसलेल्याला ते जमत नाही. (खुर्चीत बसलेल्यांना काय काय जमत नाही, हा वेगळा विषय आहे.)

आऊटबोर्ड इंजिनाला वेगळं सुकाणू नसतं. अख्खं इंजिनच पंख्यासकट डावी-उजवीकडे फिरतं. पंखा पाणी एकीकडे ढकलतो, बोटीचं बूड दुसरीकडे सरकतं आणि नाक वळतं. 1909 मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला ओले एव्हिनरूड नावाच्या गृहस्थानं असली इंजिनं विकायचा कारखाना काढला. त्याआधीची कथा अशी सांगतात, की उन्हाळ्याच्या एका दुपारी बाईसाहेबांना आइस्क्रीम हवं झालं, एव्हिनरूडसाहेब तळ्यापलीकडे वल्ही मारत गेले आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं. तेव्हा त्यांनी होडीला इंजिन लावायचं मनावर घेतलं. चाकणच्या तळेगाव चौकात रोज संध्याकाळी किती आइस्क्रीम वितळतं! पण एकाही नवऱ्याला अजून काही सुचलेलं नाही.

या इंजिनाला मुळात पुढच्या बाजूला हातानं धरायचा एक दांडा असतो. मासेमारीच्या होडीत माणूस मागं बसून तोच धरतो. रेसिंग बोटीत इंजिन आणि माणूस दोघेही बुडाशी बसले तर नाक आभाळाकडे जाईल. म्हणून माणूस पुढं, इंजिन मागं आणि दोघांचा संवाद वायरीतून. घरोघरी अशीच रचना असते असं शेडमधले काका म्हणतील.

काका प्रत्येक शेडमध्ये असतात. एखाद्या मोठ्या कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, पगाराची गरज नसलेले, पण घरी करमत नाही म्हणून रोज डबा घेऊन येणारे. खिशाला पेनाऐवजी सहा इंची स्टील पट्टी. तर हे काका चष्मा कपाळावर घेऊन वायरीकडे बघतील आणि म्हणतील, "हात्तिच्या! ही तर चेतकची गिअर वायर."

आणि काका अजिबात चुकलेले नसतील. 1972 साली आकुर्डीतून बाहेर पडलेल्या बजाज चेतकनं या गावाला केबलशास्त्राचं मोफत शिक्षण दिलं. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही. मूठ फिरवली की दोन वायरींपैकी एक ओढली जायची, दुसरी तेवढीच सैल व्हायची आणि खाली इंजिनाजवळचा सिलेक्टर सरकायचा. उलटी फिरवली की उलटं. एक ओढते, दुसरी सोडते. बोटीच्या केबल स्टिअरिंगचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे. वायर नवी असे तोवर सगळं गोड. महिनाभरात ती ताणायची आणि मग मुठीवर आकडा दोन, इंजिनात गिअर तिसरा आणि मालकाच्या मनात पहिला, अशी त्रिस्थळी यात्रा सुरू व्हायची. मग ॲडजस्टर पिळणं आलं. एक पिळला की दुसरा बिघडे. डिकीत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक क्लच वायर, एक गिअर वायर आणि एक स्पार्क प्लग हा तेव्हाच्या मध्यमवर्गाचा विमा होता. ज्याच्या डिकीत स्पेअर वायर नाही त्याला मुलगी देऊ नये, असा लेखी नियम नव्हता एवढंच. बुकिंग करून स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबलेली माणसं ती. वायरीसाठी रस्त्यात थांबायची त्यांची तयारी नसे.

2009 मध्ये बजाजनं स्कूटर बनवणं बंद केलं. 2020 मध्ये चेतक परत आली ती विजेवर, गिअरशिवाय. म्हणजे सध्याची तिशीच्या आतली पोरं अशी आहेत, की ज्यांच्या बोटात तुटलेल्या वायरीचा तंतू कधी घुसलेलाच नाही. अशातलाच एक भाचा शेठकडे असतो. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, निगडीला राहतो, प्रोजेक्टसाठी मामाच्या शेडचा पत्ता देतो. तो लॅपटॉप उघडील.

भाचा आणि काका यांच्यातला सामना हा खरा शो आहे. बोट निमित्त.

भाचा हिशेबानं सुरुवात करील. इंजिनाच्या पुढच्या दांड्याचं टोक फिरण्याच्या खिळीपासून 25 सेंटीमीटर लांब. इंजिन दोन्हीकडे तीस-तीस अंश फिरवायचं. म्हणजे दांड्याचं टोक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 25 सेंटीमीटर सरकणार. स्टिअरिंगच्या मागं वायर गुंडाळायचा ड्रम 5 सेंटीमीटर व्यासाचा घेतला, तर त्याच्या एका फेऱ्यात पावणेसोळा सेंटीमीटर वायर खेचली जाते. अर्थात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला चाकाचे एक आणि सहा दशांश फेरे. "काका, ड्रम मोठा घेतला तर बोट पटकन वळेल." काका म्हणतील, "वळेल. पण हात दुखेल त्याचं काय? बारीक घे, आरामात फिरेल." भाचा म्हणेल, "काका, रेस आहे, आराम नाही." मग काका एक युक्ती काढतील. वायरीचं टोक सरळ दांड्याला न बांधता दांड्यावर एक पुली बसवायची आणि वायर तिच्यातून नेऊन बोटीच्या मागच्या फळीलाच अडकवायची. जोर निम्मा लागतो, फेरे दुप्पट होतात. भाच्याच्या पडद्यावर 1.6 चे 3.2 होतील आणि त्याला प्रथमच वाटेल की काकांना काहीतरी येतं. काकांना त्याच्याबद्दल तसं वाटायला अजून वेळ आहे.

इथवर सगळं कागदावर. खरी गंमत वायर ड्रमवर चढवताना. वायरीचा मध्य ड्रमला स्क्रूनं पक्का करायचा, म्हणजे ती घसरत नाही. मग दोन्ही बाजूंनी वेढे द्यायचे. चाक पूर्ण फिरलं तरी ड्रमवर एक-दोन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. एक टोक डाव्या कडेनं मागं, एक उजव्या कडेनं. दोन्ही टोकं ड्रमच्या वरच्या अंगानं बाहेर पडली पाहिजेत. चाक उजवीकडे फिरवलं की ड्रमचा माथा उजवीकडे जातो, डावी वायर आत ओढली जाते, मागं इंजिनाचा दांडा डावीकडे येतो, पंखा उजवीकडे जातो आणि बोट उजवीकडे वळते. तीच वायर ड्रमच्या खालच्या अंगानं काढली तर सगळं उलट: चाक उजवीकडे, बोट डावीकडे. बोट शेडमध्ये घोड्यांवर असताना दोन्ही प्रकार सारखेच छान दिसतात. फरक पाण्यात कळतो, आणि साधारण किनाऱ्यापासून दहा फुटांवर कळतो. उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे वळणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांना हे स्टिअरिंग चालूनही जाईल, बाकीच्यांनी जपावं.

शेठ ही गोष्ट ऐकताच ताठ बसतील. कारण आता विषय त्यांच्या आवडीचा निघाला. "पोका-योके!" ते म्हणतील. चूक होऊच शकणार नाही अशी रचना करण्याला जपानी लोक असं म्हणतात, हे त्यांना एका मोठ्या ग्राहक कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये दोन वेळच्या चहासह शिकवलेलं असतं. डाव्या वायरीला लाल पट्टी, उजवीला हिरवी, ड्रमवर वरच्या बाजूला बाण आणि भिंतीवर लॅमिनेट केलेला फोटो: वर बरोबर, खाली चूक. योगायोगानं समुद्रावरही डाव्या बाजूचा दिवा लाल आणि उजवीकडचा हिरवा असतो, म्हणजे शेठनी नकळत आंतरराष्ट्रीय नियम पाळलेला असेल. फोटो मात्र आठवडाभरात कुणीतरी टिफिनच्या डब्याखाली घेईल.

पुल्यांचा प्रश्न एके काळी सोपा होता. चिखलीजवळ कुदळवाडीच्या भंगारात गेलं की जगातली कुठलीही पुली वजनावर मिळे. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेनं तिथली बांधकामं मोठ्या प्रमाणावर पाडली, तेव्हा आता कॅटलॉग बघणं आलं. पुली मोठ्या व्यासाची हवी, खाच खोल हवी आणि वायर उडी मारून बाहेर पडू नये म्हणून तिला कडेनं आडकाठी हवी. पुली फार लहान घेतली तर वायर प्रत्येक वळणाला कचकन वाकते, आतले तंतू एकेक करून तुटतात. चांगली वायर असते सात पेडांची, प्रत्येक पेडात एकोणीस तंतू, म्हणजे 133 तंतू. त्यातला पहिला तुटतो तेव्हा कुणाला पत्ता लागत नाही. तपासायची पद्धत काकांची: मूठभर कॉटन वेस्ट घ्यायचं आणि वायरीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. कुठं धागा अडकला की वायर बदलायची. हाताचं बोट फिरवू नका, असं ते बजावतील आणि उजव्या तर्जनीवरची जुनी खूण दाखवतील. चेतकची आहे ती.

मग येते स्प्रिंग. भाचा विचारील, "स्प्रिंग कशाला? वायर ताठ ओढून बांधू." ऐकायला पटतं. पण इंजिनाचा दांडा सरळ रेषेत सरकत नाही, तो कमानीत फिरतो. मधोमध असताना दोन्ही वायरी बरोबर ताठ असल्या तरी इंजिन पूर्ण वळल्यावर एका बाजूनं जेवढी वायर सुटते तेवढीच दुसऱ्या बाजूनं खेचली जात नाही. हिशेब जुळत नाही. कुठं ताण वाढतो, कुठं ढिलाई येते. शिवाय पंखा ओंडक्यावर आपटला तर इंजिन वर उचललं गेलं पाहिजे, आणि वायर लोखंडासारखी ताठ असेल तर ते उचललं जात नाही, काहीतरी मोडतं. म्हणून जुन्या पद्धतीत दोन्ही टोकांना एकेक स्प्रिंग घालत. पण स्प्रिंग घातली की स्टिअरिंग मऊ होतं: चाक फिरवल्यावर बोट थोडा विचार करते आणि मग वळते. साध्या होडीत ते चालतं. शर्यतीत विचार करणारी बोट कुणालाच नको असते, म्हणून रेसिंगवाले स्प्रिंग कडक घेतात किंवा काढूनच टाकतात आणि पुल्यांच्या जागा अशा शोधतात की तो हिशेबातला फरक कमीत कमी राहील. पुली कोपऱ्यात दोन बोटं पुढं, चार बोटं मागं, परत पुढं. या कामाला शेवट नाही. दुपारच्या जेवणाला आलेली शेठची बायको त्या वायरीवर बोट आपटून "एवढी सैल? आमची वाळवणाची दोरी याच्यापेक्षा बरी" असं म्हणून जाईल आणि काका व भाचा पहिल्यांदाच एका बाजूला येतील.

वायरीचं टोक वळवून त्याचा फास करायचा आणि यू-क्लिपनं आवळायचा. यू-क्लिपचे दोन भाग: एक इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला बोल्ट आणि एक खाच असलेलं खोगीर. खोगीर नेहमी ज्या वायरीवर भार येतो तिच्यावर, आणि यू बोल्ट वळवून आलेल्या आखूड टोकावर. उलटं बसवलं तर यू बोल्ट भाराच्या वायरीलाच चावतो आणि ती तिथंच तुटते. एवढी सोपी गोष्ट आहे, पण बांधकामाच्या साइटवर, जाहिरात फलकांच्या ताणांवर, मांडवांच्या दोऱ्यांवर लक्ष ठेवून बघा. किती ठिकाणी उलटी दिसते ते मोजू नका, रात्री झोप लागणार नाही. रेसिंगवाले क्लिपच्या भानगडीत न पडता टोक क्रिम्प करून घेतात. आणि इथं चाकण पट्टा चिडीचूप बसणार नाही. मोटारसायकलीच्या क्लच वायरीच्या टोकाला जस्ताचं निपल ओतून बसवायचं आणि मग मशीनवर ओढून बघायचं की ते किती भाराला निसटतं, हे ज्या पट्ट्यात भाजी निवडण्याइतकं सवयीचं आहे तिथं बोटीची एक वायर ओढून बघायला किती वेळ लागणार? वेळ लागेल तो रिपोर्टला. लोड टेस्ट, तारीख, शिफ्ट, ऑपरेटरची सही, तपासणाऱ्याची सही आणि "मंजूर" असा शिक्का. बोट एकच, पण बॅच नंबर पडेल.

आणि तरीही समजा, पाण्यात वायर सुटली. सुटली की इंजिन एका बाजूला कलतं, बोट जागच्या जागी गर्रकन फिरते आणि गुडघ्यावरचा माणूस बाहेर. म्हणून चालवणाऱ्याच्या जॅकेटला एक दोरी बांधलेली असते. तो उडाला की दोरी स्विच ओढते आणि इंजिन बंद पडतं. ही दोरी या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू. आता जे राष्ट्र गाडीतली पिपाणी बंद करायला सीटबेल्टची रिकामी क्लिप विकत घेतं, ते या दोरीचं काय करील याची मला धास्ती वाटते. बहुधा ती स्टिअरिंगलाच गाठ मारून ठेवतील, हरवायला नको म्हणून. ती बांधाच. यात विनोद नाही.

अपघातानंतरची मीटिंग मात्र डोळ्यांपुढे स्पष्ट दिसते. फळ्यावर भाचा लिहील: बोट काठावर का गेली? कारण ती डावीकडे वळली. का वळली? कारण डावी वायर सुटली. का सुटली? क्लिप ढिली होती. क्लिप ढिली का? पाना फिरवणारा हेल्पर घाईत होता. घाईत का? कारण गुरुवार होता. इथं सगळे माना डोलावतील. पाच वेळा "का" विचारलं की मूळ कारण सापडतं असं पुस्तकात आहेच; आमच्याकडे ते बहुतेक वेळा गुरुवारपाशी येऊन थांबतं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी असते. वीज सगळ्यांना एकदम पुरत नाही म्हणून वार वाटून दिले गेले, त्यात हा वार आमच्या वाट्याला आला. म्हणजे बोटीची चाचणीही गुरुवारी, कारण इतर दिवशी डिस्पॅच असतो.

चाचणी कुठं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघेल. आमच्याकडे वस्तू बनवताना ती कुठं वापरायची हे ग्राहक बघतो. इथं ग्राहक आपणच, म्हणून पंचाईत. गावात नद्या तीन: पवना, इंद्रायणी आणि कडेनं मुळा. कागदावर पुरेशा. पवनेवर उन्हाळ्याच्या तोंडाशी जलपर्णीचा गालिचा पसरतो. त्यात पंखा घातला तर पाच मिनिटांत मेथीची जुडी तयार. इंद्रायणीला आळंदीकडे पांढरा फेस येतो, लांबून बघणाऱ्याला वाटेल की बोट येऊन गेली. थेरगावला केजुदेवीच्या बंधाऱ्यापाशी बोट क्लब आहे, पण तिथं सहकुटुंब पायानं चालवायची होडी शोभते. तिच्या शेजारून टू-स्ट्रोक इंजिन गरजत गेलं तर आइस्क्रीमवाल्यासकट सगळे काठावर येतील. भामा आसखेडचं धरण चाकणपासून जवळ, पाणी स्वच्छ; पण ते लोकांनी प्यायचं, त्यात इंजिनाचं तेल सांडायची परवानगी मागायला गेलात तर चहासुद्धा मिळणार नाही, आणि मिळू नयेच. चाकणला संग्रामदुर्गाला खंदक होता. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्ताखानाला त्या किल्ल्यापाशी जवळजवळ दोन महिने झुंजवलं. बोटीला तो खंदक पुरला असता की नाही, ते सांगवत नाही. खानाला मात्र तेवढे दिवस पुरला. जुलै महिन्यात एमआयडीसीतल्या काही रस्त्यांवर पाणी बऱ्यापैकी साठतं, परंतु खड्ड्यांची खोली नकाशावर दिलेली नसल्यामुळे पंख्याची हमी कुणी घेणार नाही.

खरं तर वायरीनं बोट वळवायची कला पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर रोज चालू असते, नुसतं इंजिन नसतं. दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, रोइंगचं केंद्र आहे. वल्हवण्याच्या लांबोडक्या बोटी तुम्ही पाहिल्या असतील. ज्या बोटीत सूचना द्यायला वेगळा माणूस नसतो, त्या चौघांच्या बोटीत एका वल्हेकऱ्याचा बूट खालच्या पाटीवर फिरता बसवलेला असतो आणि त्या बुटाला वायर बांधून ती मागच्या छोट्याशा सुकाणूपर्यंत नेलेली असते. पाऊल उजवीकडे वळवलं की बोट वळते. हात वल्ह्यात, पाठ पुढच्या दिशेला, आणि दिशा पायाच्या अंगठ्यात. आपण कुठं चाललोय ते न बघता पायानं दिशा देणं अवघड आहे, असं कुणाला वाटेल. हिंजवडीच्या रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्याला वाटणार नाही.

इंजिनाच्या बोटींची शर्यत बघायला मात्र मुंबईला जावं लागलं. 3 ते 5 मार्च 2017 ला मरिन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींची शर्यत झाली. 28 फुटी पँथर बोटी, मागं 250 हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड, प्रत्येक बोटीत दोन माणसं. मोटार रॅलीतला गौरव गिल आणि डाकार रॅलीतला सी. एस. संतोष त्यात उतरले होते, म्हणजे चाकांवरची माणसं पाण्यावर चालतात हे सिद्ध झालं. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला वायर आणि पुल्या पुरत नाहीत, तिथं तेलाच्या दाबानं चालणारं हायड्रॉलिक स्टिअरिंग लागतं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणतील, "हायड्रॉलिक? ते तर आमच्या प्रेसला आहे." आणि पुढचा गुरुवार ठरेल.

माझं मत विचाराल तर या पट्ट्यानं एकदा ही बोट बांधावीच. विकायला नाही, ग्राहकासाठी नाही, ऑडिटसाठी तर मुळीच नाही. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर दुसऱ्याचा पार्ट बनवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना एकदा तरी असा पार्ट बनवू द्यावा की ज्याचा रिजेक्शन रिपोर्ट थेट पाणी लिहील. लॉबीमध्ये ट्रॉफ्या ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी एखादी शर्यत भरवायला काहीच हरकत नाही. दर वर्षी मोटारींच्या स्पर्धेसाठी रात्र-रात्र जागणारी कॉलेजची पोरं आहेत, ती तीच झोप बोटीसाठी मोडतील.

तोवर कुणी घरच्या घरी खटपट करणार असाल तर एवढंच करा. बोट पाण्यात सोडण्याआधी चाक उजवीकडे फिरवा आणि मान वळवून मागं बघा. इंजिनाचा पंखा उजवीकडे गेला असेल तर दोरी जॅकेटला अडकवा आणि निघा. डावीकडे गेला असेल तर वायर ड्रमवरून पुरती उतरवा, चहा सांगा आणि दोन्ही टोकं वरच्या अंगानं काढून परत गुंडाळा. आणि जवळपास जलपर्णी नसलेलं, कुणी पीत नसलेलं, अर्धा किलोमीटर लांब पाणी कुणाच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा. गुरुवारी आम्ही मोकळेच असतो.